‘फ’चा ‘म’

आईचा फोन आला तेव्हा मी एका निवृत्त बस ड्रायव्हरच्या डाव्या कानात डोकावत होते. आई कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून उचलला.

“दारात कुणीतरी मेणबत्ती लावून गेलंय,” ती म्हणाली. “आणि शेजारी बाळाचं टोपडं ठेवलंय. लोकरीचं, नवंकोरं.”

“कुणाचं बाळ?”

“तेच तर तुला विचारतेय. खाली चिठ्ठी आहे. ‘बाळा, तुला नाव मिळालं नाही, पण आम्ही तुला विसरणार नाही.’ वाचून माझे हातपाय गार पडले गं. मला दोनच झाली, आणि ती दोघं मला पुरून उरली आहेत. हे तिसरं कुठून आलं?”

मी म्हटलं, घर चुकलं असेल. मेणबत्ती विझव, टोपडं आत घेऊन ठेव, ज्याचं असेल तो येईल मागायला. ड्रायव्हरसाहेब मुकाट बसून होते. त्यांना यातलं काही ऐकू येत नव्हतं, त्यासाठीच तर ते आले होते.

मी कान तपासते. पाटीवर लांबलचक हुद्दा लिहिलाय, पण सगळे मला कानवाल्या बाई म्हणतात आणि माझी त्याला हरकत नाही. वीस वर्षं झाली या कामाला. बाहेर बाकडं, आत मशीन, आणि मशीनपुढे काचेची खिडकी असलेली एक बंद खोली, एका माणसाला बसता येईल एवढीच. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, मी बाहेरून बारीक आवाज सोडते, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. मग शब्द. मी म्हणेन तो शब्द त्याने पुन्हा म्हणायचा. काम सोपं वाटतं. पण चूक झाली तर ती माणसाच्या डोक्यात जन्मभर राहते, म्हणून मी कडक आहे. निदान माझा तसा समज होता.

ड्रायव्हरसाहेब गेले आणि दुसरा फोन आला. संगीताच्या एका मासिकातून कुणी तरुण बोलत होता. दुखवट्याला आल्यासारखा हळू बोलत होता, मला दोनदा ‘मोठ्याने’ म्हणावं लागलं.

“मॅडम, मी गाण्यांमागच्या गोष्टी लिहितो. इच्छा नसेल तर उत्तर देऊ नका. तुमच्या घरात… एखादं मूल गेलं होतं का?”

मी खुर्चीवर बसले. एका सकाळी दोनदा तेच.

“कोण म्हणतं?”

“तुमच्या भावाचं गाणं म्हणतं.”

माझा धाकटा भाऊ एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतो. बँडचं नाव ‘गंज’. त्याला घरात आम्ही ठोक्या म्हणतो, कारण चालायला लागायच्या आधीपासून तो हाताला लागेल ते ठोकतोय. भांडी, दारं, माझी पाठ. चार महिन्यांपूर्वी त्यांचा ‘भंगार’ नावाचा अल्बम आला होता. त्यातलं सातवं गाणं, ‘पुन्हा म्हण’, म्हणे सगळीकडे गाजत होतं. शब्द ठोक्याने लिहिले होते, त्याने आयुष्यात लिहिलेलं हे पहिलंच गाणं. अर्थ विचारला की तो गप्प बसायचा, आणि माणूस गप्प बसला की लोक त्याच्या वतीने बोलायला लागतात.

त्या तरुणाने मला शब्द वाचून दाखवले. “मूल, आत. बाळा, भूत. ओली वाट, ऊन, दार. वेळ. नाव. बस, एवढंच. प्रत्येक शब्दाआधी ‘पुन्हा म्हण’. म्हणजे पोटातच गेलेलं मूल, बरोबर ना? नाव ठेवायची वेळच आली नाही. आणि हेडफोनवर ऐकलं तर मागे एका बाईचा आवाज आहे, अगदी पुसट, शब्द कळत नाहीत. तो तुमच्या आईंचा आहे, असं लोकांचं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही तर ऐकलंच असेल.”

“हो,” मी म्हटलं. “मी नंतर बोलते.”

ऐकलं नव्हतं. खरं सांगून टाकते. अल्बम आला तेव्हाच ठोक्याने मला सीडी पाठवली होती, वर चिठ्ठी: ‘ताई, सातवं ऐक. हेडफोन लावून. मग फोन कर.’ मी पाकीट खणात टाकलं. दिवसभर आवाजांशीच झटापट केल्यावर संध्याकाळी मला भिंतीवरचं घड्याळसुद्धा नको असतं. शिवाय माझा त्याच्यावर जुना राग होता. त्यांच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला मी पर्समध्ये आवाज मोजायचं यंत्र घेऊन गेले होते. काटा जिथे गेला तिथे माझ्या पुस्तकात लाल रेघ आहे. मी त्याला कानात घालायची बुचं करून दिली, मापाची, तीन जोड. त्याने एकही वापरला नाही. बुचं घातली की ताल अंगात शिरत नाही म्हणाला. मग मीही ठरवलं, तुझा ताल तुझ्यापाशी.

आठवड्याने त्याचा फोन आला होता. “ऐकलंस?”

“ऐकलं. छान आहे.”

“सातवं?”

“सगळंच छान आहे रे.”

“बरं” म्हणून त्याने फोन ठेवला. मला वाटलं, कामात असेल.

जेवणाच्या सुट्टीत मी दाराला कडी लावली, खणातून पाकीट काढलं आणि मशीनला जोडलेल्या प्लेअरमध्ये सीडी घातली. पेशंटची जागा घेतली, त्याच बंद खोलीत, त्याचाच हेडफोन.

पहिल्यांदा ऐकलं आणि संताप आला. संथ ठोका, गिटारचा घोगरा गुरगुराट आणि त्यावर गायक एकेक शब्द असा म्हणत होता की जणू तोंडातून काच काढतोय. घरात कधी न झालेलं बाळ मारून हे लोक टाळ्या घेतात, आणि आई बिचारी दारातली मेणबत्ती विझवत बसली आहे. मी ठोक्याला काय काय बोलायचं ते मनात जुळवायला लागले.

मग त्या बाईच्या आवाजासाठी दुसऱ्यांदा लावलं, आवाज वाढवून.

मागे जुन्या कॅसेटची खरखर होती. खरखरीत एक मुलगी म्हणाली, “पुन्हा म्हण.” नाक चोंदलेलं, स्वर उगाच शिष्टासारखा.

ती मीच होते.

मी हेडफोन काढून टाकला. मला खरोखर भीती वाटली. स्वतःचा एकोणिसाव्या वर्षीचा आवाज दुसऱ्याच्या गाण्यात सापडणं म्हणजे काय, हे मला शब्दांत सांगता येणार नाही. मूल गेलेल्या आईचा आवाज समजून लोक मेणबत्त्या लावत होते ती बाई मी होते, आणि मला फक्त सर्दी झालेली होती.

शिकत असताना सराव म्हणून मी शब्दांच्या याद्या कॅसेटवर भरायची. दहा-दहा शब्दांच्या. प्रत्येक शब्दाआधी ‘पुन्हा म्हण’ म्हणायचं, म्हणजे ऐकणारा सावध होतो. पहिल्या याद्यांसाठी माझा पेशंट ठोक्या, तेव्हा चौदा वर्षांचा. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून मी त्याला बसवायची. शेवटची यादी, पाचवी, भरली त्या दिवशी तो हातातून निसटला आणि पुन्हा कधी सापडला नाही, कारण त्याला ड्रम मिळाले होते.

मी हेडफोन परत लावला. गायकाच्या शब्दाखाली माझा शब्द होता. तो म्हणत होता ‘मूल’. खाली मी म्हणत होते ‘फूल’.

‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकतो. इथे ‘फ’चा ‘म’ झाला होता.

मी टेबलावरून तपासणीचा कोरा कागद घेतला. त्यावर दोन रकाने असतात: दिलेला शब्द, आलेलं उत्तर. पाचवी यादी मला झोपेतही म्हणता येते. फूल, त्याने म्हटलं मूल. सात, आत. शाळा, बाळा. सूत, भूत. खोली, ओली. खाट, वाट. सून, ऊन. दार, दार. खेळ, वेळ. नाव, नाव.

गाण्यात एकही कवितेचा शब्द नव्हता. ते कुणाला तरी नीट ऐकू न आलेलं होतं, ओळीने लिहून काढलेलं.

फ, स, श, ख. ज्या अक्षरांत आवाज कमी आणि वारा जास्त, ती आधी जातात. द राहतो, न राहतो, म राहतो. अनोळखी माणसाचा असा कागद माझ्यापुढे आला असता तर मी एका दमात सांगितलं असतं: दोन्ही कान वरच्या पट्टीत गेले, परत येणार नाहीत, गोंगाटाचं काम आजच्या आज बंद करा. हा कागद मात्र माझ्याच हातचा होता. मी तो तीनदा वाचला. तिन्ही वेळा तो माझ्या भावाचाच होता.

मग मला त्याच्या कानांच्या दाखल्याची आठवण झाली.

दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या दौऱ्यासाठी आयोजकांना प्रत्येक वादकाच्या कानांचा दाखला हवा होता. ठोक्या माझ्याकडे आला, दोन पेशंटच्या मधल्या वेळात. मी वीस मिनिटांत त्याला तपासलं. फाइल काढून बघितली: सगळे बारीक आवाज ऐकू आले, शब्द दहापैकी दहा. खाली माझ्या हातचं ‘उत्तम’ आणि माझी सही. त्यावर तो दौरा झाला, मग आणखी एक, आणि आठ दिवसांनी चाळीस कार्यक्रमांचा तिसरा निघणार होता, त्याच सहीवर. दहा शब्द त्याला कसे आले ते आता कळलं, मी पहिली यादी वापरली होती आणि ती त्याला चौदाव्या वर्षापासून पाठ होती. पण बारीक आवाज? ते पाठ करता येत नाहीत. ते कसे ऐकू आले, मला समजेना.

दिव्याखाली अंधार म्हणतात. मी दुपारचे तिन्ही पेशंट उद्यावर ढकलले आणि निघाले.

बँडची सरावाची जागा म्हणजे बंद पडलेला बर्फाचा कारखाना. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, खाली वायरींचं जंजाळ. मी गेले तेव्हा गाणं नुकतंच थांबलं होतं. गायक पाणी पीत होता. हा केस वाढवलेला, हळवा माणूस, मला बघितलं की वाकून नमस्कार करतो. बाकीचे बाहेर गेले होते. ठोक्या माझ्याकडे पाठ करून ड्रमपाशी बसला होता.

“ठोक्या,” मी म्हटलं. घरात हाक मारते तशी, चार पावलांवरून.

तो ड्रमचा एक स्क्रू पिळत राहिला.

“ठोक्या, मी आलेय.”

गायकाने त्याच्याकडे बघून हनुवटीने माझ्या दिशेला खूण केली. तेव्हा तो वळला आणि हसला, आणि त्याचे डोळे सरळ माझ्या ओठांवर आले. गेली काही वर्षं तो असाच बघायचा. मला वाटायचं, चाळिशी जवळ आली, आता बहिणीचं नीट ऐकून घ्यायला लागला. मी आईला तसं कौतुकाने सांगितलंही होतं.

“सातवं ऐकलं,” मी म्हटलं.

त्याने स्क्रूची चावी खाली ठेवली. “आज?”

“आज.”

“चार महिने झाले, ताई.”

“माहीत आहे.”

“तू तेव्हा म्हणालीस, ऐकलं.”

“खोटं बोलले.”

त्याने मान डोलावली. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. “मग किती मिळाले?” त्याने विचारलं.

“काय किती?”

“मार्क. तपासलं असशील ना तू. दहापैकी किती?”

माझी समजूत अशी होती की आपले कान गेलेत हे त्याला कळलंय आणि त्याने ते गाण्यात घातलंय. पण किती गेलेत ते त्याला माहीतच नव्हतं.

“आईचं कपाट आवरताना ती कॅसेट सापडली,” तो म्हणाला. “वर काही लिहिलेलं नव्हतं. लावली तर तू. ही यादी मी आधी ऐकली नव्हती. बसून लिहून काढली. जसं ऐकू आलं तसं. मग वाचून बघितलं आणि मला वाटलं, परीक्षेच्या यादीत ‘भूत’ कशाला असेल? ताई असले शब्द घालणार नाही. म्हणजे काहीतरी चुकतंय. पण किती, ते कसं कळणार? म्हटलं, गाणं करू. तू ऐकशील, तुला एका मिनिटात कळेल, आणि तू मला शिव्या द्यायला फोन करशील.”

“सरळ येऊन विचारता आलं नसतं?”

“तुझ्यापुढे आधी लबाडी करून दाखला घेतला होता. कुठल्या तोंडाने येणार?”

“दोन,” मी म्हटलं.

“दोन चुकले?” त्याचा चेहरा उजळला. “मग ठीक आहे की.”

“दोन बरोबर आले.”

त्याची उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालली होती, ती कायमच चाललेली असतात, जेवताना, झोपतानासुद्धा.

“भूत नव्हतं?”

“सूत.”

“आणि बाळा?”

“शाळा.”

“मूल?”

“फूल.”

गायक पाण्याची बाटली हातात धरून तसाच उभा होता. “म्हणजे,” त्याने अडखळत विचारलं, “बाळ नव्हतंच?”

“नव्हतं,” मी म्हटलं.

“ताई, मी त्या बाळासाठी रोज स्टेजवर रडतो हो.” तो गाद्यांच्या ढिगावर बसला. त्याच्याकडे बघून ठोक्याला हसू फुटलं, आणि मलाही, आणि आम्ही दोघं बहीण-भाऊ त्या कारखान्यात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग माझं पाणी थांबेना. ठोक्या उठून माझ्यापाशी आला, पण त्याला काय करावं कळेना. माझी पाठ ठोकावी तशी त्याने दोनदा थोपटली.

“दहा शब्द तुला पाठ होते, ते समजलं,” मी नाक पुसत म्हटलं. “पण बारीक आवाज? ते कसे ऐकलेस?”

तो जमिनीकडे बघायला लागला. “तू ताल धरतेस, ताई.”

“काय?”

“दोन आवाज, एक मात्रा मोकळी, पुन्हा दोन. मग थोडी थांबतेस, मशीनवर काहीतरी फिरवतेस, आणि परत तेच. स्वयंपाकघरात मला शब्द सांगायचीस तेव्हापासूनचा तुझा ताल आहे तो. सुरुवातीचे आवाज खरंच ऐकू आले. नंतर काहीच येत नव्हतं, नुसती शांतता. मग मी तालावर बटण दाबत गेलो. मधूनमधून एखादा सोडला, खरं वाटावं म्हणून.”

या धंद्यात पहिल्या दिवशी पहिला नियम शिकवतात: आवाज सोडताना ताल धरू नका, पेशंट अंदाज बांधतो. मी स्वतः नव्या मुलींना हे शिकवते, खडसावून शिकवते. आणि माझा हात वीस वर्षं तालात चालला होता, आणि ते कळलेला जगातला एकच माणूस ड्रम वाजवणारा निघाला. मी त्याच्याच स्टुलावर बसले.

“माझ्यामुळे झालं,” मी म्हटलं.

“लबाडी मी केली.”

“सही माझी होती.”

“दौरा आठ दिवसांवर आहे,” तो म्हणाला. “दाखला अजून चालतो. ताई, दहापैकी दोनच राहिले असतील तर आता वाचवायचं काय उरलंय? हा एक वाजवू दे. मग बंद.”

गायकाने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

“‘दार’ उरलंय,” मी म्हटलं. मुद्दाम त्याच्यासमोर तोंड करून, सावकाश. “‘नाव’ उरलंय. खालच्या पट्टीतलं सगळं आहे अजून. आई हाक मारते ते आहे. मी चिडते ते आहे. तुझा मोठा ड्रम आहे. हे चाळीस कार्यक्रम केलेस तर तेही जाईल, आणि मग मी कितीही ओरडले तरी तुला नुसतं माझं तोंड हललेलं दिसेल.”

“नक्की?”

“एका कॅसेटवरून नक्की कसं सांगू?”

त्याने काठ्या पिशवीत घातल्या. “मग नीट तपास. या वेळी मी लबाडी करत नाही. तू ताल धरू नकोस.”

आम्ही परत आलो तेव्हा बाकड्यावर एक आजोबा त्यांच्या सुनेबरोबर येऊन बसले होते. त्यांनाही मी उद्या यायला सांगितलं. ठोक्या आत गेला, हेडफोन लावला, बटण हातात घेतलं. मी मशीनचं तोंड फिरवून घेतलं, माझा हात काचेतून दिसू नये म्हणून. खिशातून नाणं काढलं. छापा पडला की आवाज सोडायचा, काटा पडला की थांबायचं. माझ्या हातावर माझा विश्वास उरला नव्हता.

जाड आवाज त्याने पटापट ओळखले. मधले उशिरा, कपाळाला आठी घालून. मग मी वरच्या पट्टीत गेले आणि त्याचा अंगठा बटणावर तसाच राहिला. मी आवाज वाढवला. काचेपलीकडे तो वाट बघत होता. मी आणखी वाढवला, मग आणखी, जिथे मी स्वतः हेडफोन भिरकावून दिला असता तिथपर्यंत. तो शांतपणे माझ्याकडे बघत होता. आवाज अजून सुरू व्हायचा आहे, अशी त्याची समजूत होती. तो तसा बसलेला मला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिला.

मी खाली मान घालून खुणा केल्या. डाव्या कानाची रेघ आणि उजव्या कानाची रेघ, दोन्ही एकाच ठिकाणाहून खाली कोसळल्या होत्या.

आता शब्द. छापील याद्या मी बाजूला ठेवल्या, त्यातली कुठली त्याला पाठ असेल सांगता येत नव्हतं. नवे शब्द तिथल्या तिथे सुचतील तसे घ्यायचे ठरवले. तोंडासमोर पुठ्ठा धरला आणि माइकमध्ये म्हटलं, “पुन्हा म्हण: गाडी.”

“गाडी.”

“पुन्हा म्हण: सुई.”

“रुई,” तो म्हणाला. खात्रीने म्हणाला, हेच जास्त वाईट होतं.

“पुन्हा म्हण: मन.”

“मन.”

पुढचा शब्द मी ठरवला नव्हता. तोंडातून आपोआप आला.

“पुन्हा म्हण: थांब.”

“लांब,” तो म्हणाला.

मी रकान्यात लिहिलं. थांब, लांब. पुठ्ठा हलू न देता पुन्हा म्हटलं, “थांब.”

“लांब. म्हटलं की.”

“थांब.”

“लांब, ताई.” आता त्याचा आवाज जरा हलला. माझ्या सुराने त्याला काहीतरी कळलं असावं, सूर खालच्या पट्टीत असतो. गुडघ्यावरची बोटं मात्र चालली होती. “चुकलं का? सांग ना.”

बरोबर की चूक हे पेशंटला सांगायचं नसतं, हा दुसरा नियम. मी पुठ्ठा खाली घेतला. काचेतून त्याचे डोळे माझ्या ओठांवर आले.

“थांब,” मी म्हटलं.

त्याची बोटं गुडघ्यावर थांबली. माझ्या आठवणीत ती मी पहिल्यांदाच थांबलेली बघत होते. मग त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला, जणू त्याने काही फरक पडणार होता.

“पुन्हा म्हण,” तो म्हणाला.

मी पुन्हा म्हटलं.